दूरच्या डोंगराचा निळा

९ जानेवारी

वाचनालयाचं काम मिळालं. नव्या वाचनदालनाची अख्खी एक भिंत, नऊ फूट रुंद आणि पाच फूट उंच. विषय म्हणजे आमच्या गच्चीवरून दिसतात ते एकामागे एक तीन डोंगर. ग्रंथपाल स्वतः येऊन सांगून गेले. गृहस्थ फार मऊ बोलतात, प्रत्येक गोष्टीला "छान, छान" म्हणतात, त्यामुळे त्यांना नक्की काय आवडलं ते कळायला मार्ग नाही. मार्चअखेर द्यायचं आहे.

एवढं मोठं काम मी आजवर केलेलं नाही. सहासष्टाव्या वर्षी कोण कुणाला भिंत देतं! म्हणून ही वही काढली. किती विणलं, काय उसवलं, एवढंच लिहायचं.

वहिनींना सांगायला मागच्या अंगणात गेले. त्या निळीच्या रांजणाला कोंडा घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "किती लडी लागतील?" अभिनंदन वगैरे काही नाही. एकोणीस वर्षं आमचं हे असंच आहे. लोकर त्या रंगवतात, विणते मी. दादा म्हणायचा, एका घरात दोन सरकारं. दादाला जाऊन अकरा वर्षं झाली, सरकारं चालू आहेत.

१३ जानेवारी

उभ्या मागावर ताणा लावला. पांढरा दोरा मागवला होता, आला तो पिवळट. दुकानदाराला फोन करून चांगलं झापलं. तो म्हणतो, "ताई, तो दोरा दुधाशेजारी ठेवून बघा. फरक दिसला तर परत पाठवा." ठेवून पाहिलं. दूधही पिवळट! दूधवाला हल्ली त्यात काय घालतो देव जाणे. ताणा शेवटी झाकलाच जातो म्हणून सोडून दिलं. दूधवाल्याला मात्र सोडणार नाही.

२१ जानेवारी

पुढचा डोंगर विणून होत आला. आज दोन बोटं. मंजिष्ठेचा तांबडा, डाळिंबाच्या सालीचा पिवळा, त्यावर लोखंडाच्या पाण्याची एक फेरी. माती जशीच्या तशी उतरली आहे. वहिनींचा हात चांगला लागलाय. तसं त्यांना सांगितलं नाही. एकदा सांगितलं की मग मिरवत बसतात.

त्यांची पद्धत मला कधीच पटलेली नाही. लड वाळली की घेऊन गच्चीवर जायचं, हात लांब करून ती डोंगरासमोर धरायची, एक डोळा मिटायचा. लड डोंगरात "हरवली" की रंग झाला. म्हणजे गुडघे दुखत असताना वीस पायऱ्या चढायच्या आणि उतरायच्या! मी डोंगर बघत नाही. मला तो लहानपणापासून पाठ आहे.

२ फेब्रुवारी

मधला डोंगर संपत आला. मागाच्या खोलीत उजेड पुरत नाही. इलेक्ट्रिशियनकडून मोठा दिवा लावून घेतला, तरी अंधार तो अंधारच. त्याला म्हटलं, हा दिवा जुना दिसतोय. तो म्हणतो, "मावशी, याच्यापुढे मैदानावरचाच दिवा लावावा लागेल." आगाऊ मेला.

वर्तमानपत्राची छपाईही फिकट यायला लागली आहे. शाई वाचवत असावेत.

९ फेब्रुवारी

निळ्या रंगाला सुरुवात. शेवटचा, सगळ्यात दूरचा डोंगर आणि वरचं आकाश. या कामाचा जीव त्यातच आहे. खालचे दोन डोंगर कुणीही विणेल, पण दूरचा डोंगर दूर दिसायला हवा.

वहिनींनी पहिली लड आणून दिली आणि मी बघतच राहिले. मळका, हिरवटपणाकडे झुकणारा कसला तरी रंग. म्हटलं, "वहिनी, यात पिवळं कुठून आलं?"

"पिवळं? मी पिवळं घातलेलंच नाही."

"मग हे काय आहे?"

त्यांनी लड खिडकीशी नेली, उलटसुलट केली आणि म्हणाल्या, "मला तर निळा दिसतोय, वन्सं. फिकट निळा."

पुन्हा करायला सांगितलं. त्यांनी तोंड वाकडं केलं नाही, लड घेऊन गेल्या.

१५ फेब्रुवारी

तिसरी खेप. तीही तशीच. माझा संयम सुटत चालला आहे आणि माग सहा दिवस रिकामा आहे.

आज वहिनींनी चक्क हात धरून मला गच्चीवर नेलं. लड डोंगरासमोर धरली. "बघा, हरवली."

खोटं कशाला बोलू, हरवली खरी. लोकर कुठे संपते आणि डोंगर कुठे सुरू होतो ते कळेना. पण कारण वेगळंच होतं. डोंगरच मळला आहे! माझ्या आठवणीतला दूरचा डोंगर स्वच्छ निळा आहे. हा पार धुरकटलेला, पिवळसर. पलीकडे रस्त्याचं काम चालू आहे, त्याची धूळ असणार. इतक्या वर्षांत गच्चीवरून नीट बघितलंच नव्हतं, म्हणून आज कळलं.

वहिनींना म्हटलं, "बघा, किती धूळ आहे हवेत."

त्या बराच वेळ डोंगराकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "मला नाही दिसत धूळ."

"रोज बघता ना, म्हणून सवय झाली आहे."

माझं ठरलं. डोंगर पूर्वी होता तसाच विणायचा. वाचनालयात येऊन लोकांनी धूळ का म्हणून बघावी?

२२ फेब्रुवारी

आज बोलाचाली झाली. सहावी लड. तोच मळकटपणा. मी सरळ सांगितलं, रांजण मेलाय, ओतून टाका. निळीचा रांजण जिवंत असतो, त्याला रोज कोंडा, चुना आणि ऊब लागते, आणि एकोणीस वर्षं म्हणजे काय थोडी झाली? वहिनी म्हणाल्या, "मेलेला नाही. सकाळी वर तांबूस साय होती, फेस होता. वास बघा हवं तर."

"वास काय बघायचा? रंग दिसतोय ना!"

"वन्सं, रंग बरोबर आहे हो."

तेव्हा मी म्हणाले, "वहिनी, तुमचा हात गेला."

रंगाऱ्याला याहून वाईट काही बोलता येत नाही, हे मला ठाऊक आहे. बोलून गेल्यावर जरा चुटपुट लागली. पण जे दिसतं ते मी बोलले. कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

२५ फेब्रुवारी

वहिनींनी रांजण ओतून टाकला. मी मागाशी होते. पाण्याचा आवाज बराच वेळ चालला होता. मग घासण्याचा. संध्याकाळी पाहिलं तर रांजण भिंतीशी पालथा घातलेला आणि मोरीपासून फाटकापर्यंत एक काळपट ओघळ. मीच सांगितलं होतं, तेव्हा तक्रार कसली करणार. जेवताना भाजीत मीठ नव्हतं, तेही मी बोलले नाही.

२८ फेब्रुवारी

बादलीत स्वतःच निळीचं पाणी केलं: नीळ, चुना, गूळ. एका दिवसात तयार. उगाच रांजणाचे एवढे लाड! वहिनी एक बुडी देत, मी पाच दिल्या. आणि निघाला की हो निळा! अगदी माझ्या मनातला. आज तीन बोटं विणलं. इतका उत्साह बऱ्याच दिवसांत आला नव्हता.

४ मार्च

ग्रंथपाल पाहून गेले. बराच वेळ मागासमोर उभे होते. मग म्हणाले, "छान. दूरचा डोंगर अगदी... जवळ आलाय." मी म्हटलं, पूर्वी हवा स्वच्छ असायची, तेव्हा असाच दिसायचा. ते म्हणाले, "हो का? छान." चहा अर्धा ठेवून गेले.

वहिनींचं मात्र काही खरं नाही. सकाळी दारावर भाजीवाल्याला विचारत होत्या, "ही वांगी जांभळीच आहेत ना?" तो बिचारा त्यांच्याकडे बघतच राहिला. काल दिवसभर चष्मा पुसत होत्या. परवा जुन्या लडी खिडकीत ओळीनं मांडून एकेकीकडे बघत बसल्या होत्या. म्हणजे डोळ्यांचंच काहीतरी असणार. मला तेव्हाच शंका आली होती. कीव आली. म्हटलं, "वहिनी, आता आराम करा." त्यांनी लडी गोळा केल्या आणि आत गेल्या.

८ मार्च

भाची आली आहे चार दिवसांसाठी. शाळेत गणित शिकवते. आल्या आल्या मागासमोर गेली आणि म्हणाली, "आत्या, हे आकाश आहे?"

"मग काय तळं आहे?"

"नाही, म्हणजे... शाईची बाटली सांडल्यासारखं वाटतंय. आणि हा मागचा डोंगर पुढच्या दोघांना ढकलून अंगावर येतोय."

गणिताच्या बाईंनी रंगांत अक्कल पाजळू नये, असं मी म्हटलं. ती हसली. मग मागच्या दारी गेली आणि तिथूनच ओरडली, "आई, रांजण पालथा का?" वहिनी काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. त्यानंतर दोघी बराच वेळ आत होत्या.

११ मार्च

मायलेकी सकाळी कुठेतरी गेल्या. दुपारी आल्या तेव्हा वहिनींनी एक कागद माझ्यासमोर ठेवला. "वन्सं, माझे डोळे चांगले आहेत म्हणे. वयाच्या मानानं फारच चांगले. रंगांची परीक्षासुद्धा घेतली त्यांनी." आणि भाजी चिरायला आत गेल्या.

म्हणजे वहिनी माझ्या एका वाक्यापायी डोळे तपासून आल्या! मग डोळे नसतील तर हातच गेला असणार, असं माझ्या मनात आलं.

भाची तिथेच उभी होती. म्हणाली, "आत्या, आता तुझी पाळी."

"मला काय धाड भरली आहे?"

"काही नसेल तर उत्तमच. उद्या दहा वाजता."

ही हुकूमशाही कुणाकडून आली कळत नाही. दादा तर गरीब गाय होता.

१२ मार्च

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पिकलेले. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या आतलं भिंग पिवळं होत होत तपकिरी झालं आहे. हळूहळू होतं, म्हणून माणसाला कळत नाही. "समजा, चार-पाच वर्षं तुम्ही कोऱ्या चहातून बघताय."

त्यांनी विचारलं, काम काय करता. मी म्हटलं, विणते.

"मग रंगांचा त्रास झाला असेल. निळे विशेषतः."

रिक्षात तिनं माझा हात धरून ठेवला होता. मी सोडवला नाही.

अठरा तारखेला डावा डोळा. उजवा दोन महिन्यांनी.

१३ मार्च

विणलं नाही. बंद केलेल्या दूधवाल्याला पुन्हा दूध घालायला सांगितलं. त्यानं कारण विचारलं नाही, हे बरं झालं.

२० मार्च

काल पट्टी काढली. पहिली दिसली ती उशी. पांढरी. इतकं पांढरं काही असतं, हे मी विसरूनच गेले होते. मग वहिनी दिसल्या. त्यांचे केस मला हस्तिदंती वाटायचे, ते शुभ्र आहेत. चेहऱ्यावर सुरकुत्याही पुष्कळ आहेत. माझ्या त्याहून जास्त, आरसा पाहिला.

डावा डोळा मिटला की जग जुन्या कागदासारखं आणि उजवा मिटला की धुतलेलं. सकाळभर हाच खेळ केला, कारण मागाच्या खोलीत जायचं टाळत होते. दुपारी गेले.

भाची खरं बोलत होती. खालचे दोन डोंगर सुंदर आहेत. त्यांच्यावर चौदा बोटं नुसती शाई आहे. दूर काही नाहीच. ग्रंथपाल बिचारे "जवळ आलाय" म्हणाले आणि मी त्यांना हवेवर व्याख्यान दिलं. उजवा डोळा उघडून पुन्हा पाहिलं. डावा मिटला. आणि उजव्याला ते अजूनही बरोबर दिसत होतं. अगदी माझ्या मनातला निळा. तेव्हा मला भीती वाटली.

मग गच्चीवर गेले, वीस पायऱ्या. धूळ कुठेही नव्हती.

कापड उसवता येतं. रांजण मी ओतायला लावला. ते कसं उसवू?

२१ मार्च

सकाळी वहिनींसमोर बसले आणि सांगून टाकलं. वळणं घेत बसले असते तर जमलं नसतं. "वहिनी, तुमचा रंग पहिल्या लडीपासून बरोबर होता. माझेच डोळे गेले होते. नको ते बोलले. रांजण ओतायला लावला. माझं चुकलं."

त्या लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "रांजण मी ओतला."

"मी सांगितलं म्हणून."

"हो ना. तुम्ही सांगितलं म्हणून." दोन पाकळ्या सोलून झाल्या. "वन्सं, लड हरवलेली मला दिसत होती. या डोळ्यांनी दिसत होती. रांजणावरची साय दिसत होती. आणि तरी मी म्हटलं, वन्सं म्हणतात म्हणजे माझंच चुकत असेल. एकोणीस वर्षं सांभाळलेला रांजण मी स्वतःच्या हातानं ओतला, तो जिवंत आहे हे माहीत असताना. मला त्याचा राग येतो. तुमचाही येतो, पण तो जाईल."

मी लसूण सोलायला लागले. त्या म्हणाल्या, "राहू द्या, तुम्हाला जमत नाही." खरं आहे, जमत नाही.

मग म्हणाल्या, "यापुढे मी रंगवणार नाही."

२३ मार्च

ग्रंथपालांकडे गेले. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "खरं सांगू का? मला त्या डोंगराची जरा धास्तीच वाटली होती." मग मी न विचारताच मेअखेरपर्यंत मुदत दिली. दालन मोकळ्या भिंतीनिशी उघडू म्हणाले. "छान" म्हणाले नाहीत. गृहस्थ मला आवडायला लागले आहेत.

३० मार्च

रोज उसवते आहे. एक एक फेरी काढायची, ताणा दुखवायचा नाही. आठ बोटं झाली, सहा राहिली. वहिनी दारातून जाताना बघतात आणि पुढे जातात. स्वयंपाकघरात साधं बोलतात: कणीक संपली, नळाला पाणी कमी आहे. रंगाचं नाव काढत नाहीत. काल भाजीवाल्याला पुन्हा वांग्यांचा रंग विचारला. त्यानं सांगेपर्यंत पैसे दिले नाहीत.

डॉक्टरांचा कागद डब्यात ठेवला आहे, पण त्यांना स्वतःचं दिसलेलं खरं वाटत नाही. हे मी केलं आहे. दूरच्या गावचा एक रंगारी आहे, त्याला लिहावं का? भाची फोनवर म्हणाली, "लिही, लिही, म्हणजे आई पुन्हा रांजणाकडे बघणारच नाही." लिहिलं नाही.

७ एप्रिल

चौदाही बोटं उसवून झाली. वरचा ताणा उघडा पडला आहे. पांढरा शुभ्र दोरा आहे. दुकानदाराची माफी मागितली, तो चक्रावला.

दुपारी वहिनींना म्हटलं, "तुम्ही रंगवू नका. पण रांजण कसा लावायचा ते सांगा, मी लावते."

"तुम्ही?"

"मी. बादलीत केलाच होता की."

"तो काय रंग होता!" असं त्या पटकन बोलल्या आणि बोलल्यावर आपल्याच तोंडाकडे हात नेला. मला हसू आलं. त्याही थोड्या हसल्या.

८ एप्रिल

सकाळी अंगणात गेले तर वहिनींनी रांजण सरळ केला होता. मी कोंडा फार ओतते, चुना कमी घालते, पाणी थंड आणते, असं सगळं त्यांना ओट्यावर बसून दिसत होतं. अकरा वाजेपर्यंत त्यांनी धीर धरला. मग उठल्या आणि माझ्या हातातली काठी घेतली. दिवसभर मी पाणी वाहिलं.

१९ एप्रिल

अकरा दिवस रांजण नुसता घाण वास मारत होता. आज सकाळी पाण्यावर तांबूस साय धरली आणि मधोमध निळा फेस आला. वहिनींनी मला हाक मारून दाखवलं. "आली का साय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तुम्हाला काय दिसतं?" त्यांनी काठीनं फेस बाजूला करून पुन्हा झाकण घातलं.

२२ एप्रिल

आज पहिली लड. वहिनींनी ती ओली करून हळूच रांजणात सोडली. हात आत, नजर समोर, ओठ हलत होते; आकडे मोजत असाव्यात. वर काढली तेव्हा हिरवी होती. वारा लागला तशी कडेकडेनं निळी होत गेली. हे मी इतकी वर्षं शेजारी राहून कधी उभं राहून पाहिलं नव्हतं. मला नेहमी वाळलेली लड हवी असायची.

दोरीवर टाकली. वाळायला दुपार झाली. वहिनी लडीपुढे उभ्या राहिल्या, मग वळून माझ्याकडे बघितलं. "झाला का हो, वन्सं?"

मी उजवा डोळा मिटून पाहिलं. दूरच्या डोंगराचा निळा होता. फिकट, किंचित राखी, हवा तितकाच धूसर. यात काही काढायला नको आणि घालायला नको. इतकी वर्षं या प्रश्नाचं उत्तर मीच देत आले आहे, ते जिभेवर तयारच होतं.

म्हटलं, "मला विचारू नका. तुम्ही सांगा."

"मी?"

"हो."

त्यांनी लड काढून हातात घेतली. सावलीत नेली, उन्हात आणली. पीळ देऊन पाहिली, एक पेड उलगडून नखाशी धरला. इतका वेळ लावला की माझे पाय दुखायला लागले. मी भिंतीकडे बघत राहिले, म्हणजे माझ्या चेहऱ्यावरून त्यांना काही कळू नये.

शेवटी म्हणाल्या, "नाही झाला. अजून एक बुडी हवी."

आवाज मोठा होता. शेजारच्यांनाही ऐकू गेला असेल.

मला तो झालेला दिसत होता. नव्या डोळ्यालाही. मी लड घेतली, बादलीत ओली केली, पाणी निथळवलं आणि त्यांच्या हातात दिली.